ट्रायआउटला स्टिक नाही, पाय बघतात

एप्रिल उजाडला की टोरांटो-मिसिसागाकडच्या आईबाबांचा एकच प्रश्न: आइस हॉकीच्या रेप टीमच्या (रिप्रेझेंटेटिव्ह, म्हणजे निवडून घेतलेल्या मुलांची टीम) ट्रायआउटसाठी, म्हणजे निवड चाचणीसाठी, कुठली स्टिक घ्यायची? माझं मत विचाराल तर महागड्या स्टिकचा नाद सोडा, आधी स्केट्स बघा.

'वाढत्या अंगाचं घेऊ' ही आपली सवय इथे नडते. स्केट बहुधा बुटापेक्षा एक-दीड नंबर लहान लागतो. सरळ उभं राहिल्यावर बोटं पुढे जेमतेम टेकावीत, गुडघे वाकवले की टाच मागे घट्ट बसावी. सैल स्केटमध्ये घोटा आत कलंडतो, कड बर्फात लागत नाही आणि वळण आलं की पोरगं आपसूक हळू होतं. मग नाड्या कितीही आवळा.

धार त्याच दिवशी लावू नका. दोन-तीन दिवस आधी लावा आणि एकदा बर्फावर उतरू द्या. बहुतेक मुलांचं अर्ध्या इंचाच्या हॉलोवर (पात्याच्या तळातली खोबण; आकडा मोठा तितकी ती उथळ) भागतं. हलक्या मुलाला ५/८ इंच दिला तर पकड सुटते, कारण पातं रुतायला तेवढं वजनच नसतं.

आणि स्टिक? अनवाणी उभं राहून नाकापर्यंत, फ्लेक्स (स्टिक किती ताठ त्याचा आकडा) पौंडातल्या वजनाच्या साधारण निम्मा. ७० पौंडांच्या पोराच्या हातात ५० फ्लेक्स दिलीत तर ती वाकायचीच नाही.

आता कडू भाग. टीममध्ये साधारण ९ फॉरवर्ड, ६ डिफेन्स, २ गोली. त्यातल्या बऱ्याच जागा जुन्या मुलांनी आधीच धरलेल्या असतात. उघड कोणी बोलत नाही एवढंच. उरलेल्या दोन-चार जागांसाठी कोच बघतो ते पक (खेळायची रबरी चकती) जवळ नसताना. दोन्ही बाजूंचे क्रॉसओव्हर (वळताना एक पाय दुसऱ्यावरून टाकणं), उलटं स्केटिंग, पक हातचा गेल्यावर मूल जीव तोडून मागे येतं की हात झटकत उभं राहतं. चाळीस-पंचेचाळीस सेकंदांत शिफ्ट (बर्फावरची आपली पाळी) संपवून बेंचवर येणारं मूल डोळ्यात भरतं. दीड मिनिट बर्फावर रेंगाळणारा दमून नुसता तरंगत असतो, आणि बाबा काच बडवत 'शूट, शूट' ओरडत असतात. (कृपा करून वर जाऊन बसा.)

ट्रिपल एमध्ये, म्हणजे सगळ्यात वरच्या पातळीवर, नाव आलं नाही तर डबल ए आणि ए आहेतच. कोचला 'का नाही घेतलं' विचारलंत तर गोलमोल उत्तर मिळेल. 'कुठल्या बाजूचा क्रॉसओव्हर कच्चा दिसला?' असं विचारा, बहुतेक जण नीट सांगतात.