फिरायला सोडलं म्हणजे मोकळं सोडलं?

'इमर्सिव्ह थिएटर' हे नाव आता आपल्या सोलापुरातल्या नाटकवाल्या पोरांच्या तोंडीही बसलंय. खुर्च्या नाहीत, पडदा नाही, प्रेक्षक नाटकाच्या आतून हिंडणार. कल्पना झकास आहे. पण 'प्रेक्षकाला स्वातंत्र्य' म्हणून तिचा जो उदो उदो चाललाय, तो मला पटत नाही.

उदाहरण कायम 'स्लीप नो मोअर'चं. 'पंचड्रंक' या ब्रिटिश संस्थेचा हा प्रयोग न्यूयॉर्कमध्ये 2011 ते 2025 चालला. शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ'ची, राजाच्या खुनाची गोष्ट, पण अख्ख्या इमारतीत मजल्यामजल्यांवर विखुरलेली. प्रेक्षकाच्या तोंडावर पांढरा मुखवटा. हव्या त्या पात्रामागे पळा, खण उघडा, पत्रं वाचा. बोलायचं मात्र नाही. आणि काहीही करा, खून व्हायचा तो होणारच! दोघं मित्र दोन वेगळी नाटकं बघून येतात, बाहेर ती जुळवायला मजा येत असणार, हे कबूल. तरी ही मोकळीक पायांची झाली. तोंड बंदच.

ब्राझीलचे नाट्यदिग्दर्शक ऑगस्तो बोआल यांच्या फोरम थिएटरमध्ये याच्या उलट. अन्यायाचा प्रसंग एकदा पूर्ण दाखवतात, मग पुन्हा सुरू करतात. आता प्रेक्षकानं 'थांबा' म्हणायचं, पिचलेल्या पात्राच्या जागी स्वतः उभं राहायचं आणि वेगळं काही करून बघायचं. ना मजले, ना महागडं नेपथ्य. साधं अंगण पुरतं.

आणि आपल्या सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत, त्यांच्या प्रतीकात्मक लग्नाच्या वेळी संमती कट्ट्यापाशी काय होतं? (ते नाटक नव्हे, श्रद्धा आहे, ठाऊक आहे मला. भांडायला येऊ नका.) गर्दीत पाय हलवायला जागा नसते. पण मंगलाष्टकांसारखी संमती वाचली जाते तेव्हा मुठीतल्या अक्षता टाकायचं काम प्रत्येकाकडे असतं. त्यामुळे तिथं बघ्या कुणी उरत नाही.

म्हणून इथल्या पोरांना सांगणं आहे, बंद गिरणीत धूर सोडून लोकांना नुसतं फिरवू नका. मे 1930चा मार्शल लॉ घ्या, इंग्रजांनी सोलापुरावर लादलेला, तिरंगा मिरवला तरी शिक्षा होती तेव्हाचा. आत येणाऱ्याच्या हातात तिरंगा द्या, समोर शिपाई उभा करा, आणि झेंड्याचं काय करायचं ते त्याचं त्याला ठरवू द्या. ज्याला भाग घ्यायचा नाही त्याला बाजूला बाकडं द्या, गुडघेदुखीवाल्यांनाही. आणि एखाद्या रात्री बहुतेकांनी झेंडा गुपचूप खिशात घातला, तर त्या रात्रीचं नाटक तिथंच संपवा. त्या लढ्यापायी फासावर गेलेल्या चार हुतात्म्यांच्या गावात तसं संपवायची छाती आहे का, बोला.