जाळीच्या टोपड्याबद्दल तुम्ही केलेल्या तक्रारीला उत्तर

ताई, नमस्कार. दुकान माझं आहे, म्हणून उत्तर मीच देते. चार दिवसांच्या वर्गाचे पैसे घेतले, तरी जाळी जमली नाही, ४० टाक्यांचे ४६ झाले, शेवटी सगळ्यांसमोर उसवायला लावलं आणि लोकरही हलकी दिली, असं तुम्ही लिहिलं. लोकरीचं सोडलं तर सगळं खरं आहे.

तुम्ही टाकलेला फोटो मी मोठा करून पाहिला. जाळीच्या ओळी तुमच्या बरोबर आहेत. प्रत्येक भोकाशेजारी दोन टाके एकत्र घेतलेत, त्यामुळे तिथे संख्या वाढत नाही. जास्तीचे सहा टाके खालच्या उलट-सुलट पट्टीत आहेत. उलट टाका विणला की दोरा आपल्याकडे असतो. तो दोन सुयांच्या मधून मागे न नेता तसाच सुलट टाका घेतला, की दोरा सुईवरून जातो, वेढा पडतो आणि नको तिथे टाका वाढतो.

जाळीत मात्र हाच वेढा मुद्दाम घ्यायचा असतो, त्यानेच भोक पडतं. त्यासाठी आमच्या छापील कागदावर सगळीकडे नुसतं 'दोरा पुढे' लिहिलंय. दोन सुलट टाक्यांमध्ये तेवढं पुरतं: दोरा मधून पुढे आणला की पुढचा सुलट विणताना वेढा आपसूक पडतो. पण दोन उलट टाक्यांमध्ये दोरा आधीच पुढे असतो! तिथे तो सुईवरून मागे नेऊन खालून पुन्हा पुढे आणावा लागतो. पहिल्यांदा सुया धरणाऱ्या बाईने त्या दोन शब्दांवरून काय समजायचं? कागद मी लिहिला, चूक माझी.

वरची दोन भोकं मिटलीत, कारण परतीच्या ओळीत वेढ्यात मागून सुई गेली आणि त्याला पीळ बसला. समोरून घातली की भोक उघडं राहतं.

उसवायला लावलं, त्याचं मला फार वाईट वाटतं. नको असलेला वेढा पुढच्याच ओळीत सुईवरून सोडून दिला असता तर ढिला दोरा शेजारच्या टाक्यांत जिरला असता. चार बोटं विणलेलं गेलं नसतं. शिकवणाऱ्या ताईंशी मी बोलले आहे.

लोकर ॲक्रिलिकची आहे, ती बाळाचा कपडा रोज धुवावा लागतो म्हणून दिली. दोनदा उसवल्यावर तिच्यावर बारीक गोळे येतात.

संत्र्याची तोड चालू असताना तुम्ही वरुडहून एसटीने येत होता, हे मला माहीत आहे. वर्गाचे पैसे परत घेऊन जा. बाजाराच्या दिवशी आलात तर दुपारी दुकानात मी एकटीच असते. नवी लडी काढून ठेवली आहे, तुमच्या १० नंबरच्या सुया तेवढ्या घेऊन या. आधी पट्टी सोबत विणू, मग जाळी.