बंदुकीची नळी, तांबे आणि खोबरेल: एका फिरत्या सल्ल्याचा प्रतिवाद

पावसाळा तोंडावर आला, की गोव्यातील सत्तरी, सांगे, पेडणे या भागांतील परवानाधारक बागायतदारांच्या मोबाइलवर बंदुकीची नळी साफ करण्याविषयीचा एक संदेश फिरू लागतो, आणि नेमबाजीची हौस असलेली शहरातली मंडळीही तो न वाचताच पुढे ढकलतात. संदेशाचे म्हणणे थोडक्यात असे आहे: गोळी झाडल्यावर नळीत कार्बन आणि तांबे बसते, हे तांबे पोलाद खाते, म्हणून बंदूक कोणतीही असो, ब्रॉन्झचा ब्रश आणि अमोनियाचे द्रावण घेऊन चिंधी दुधासारखी पांढरी बाहेर येईपर्यंत नळी घासावी, डाग हटत नसेल तर द्रावण रात्रभर नळीत राहू द्यावे, पाण्याचा थेंबही लागू देऊ नये, आणि शेवटी नळीत सढळ हाताने खोबरेल सोडून बंदूक गवसणीत बंद करून ठेवावी. यातले पहिले विधान बऱ्याच अंशी खरे आहे. त्यापुढचा सल्ला तंतोतंत पाळला, तर नळी तांब्यापेक्षा या सफाईनेच बिघडण्याचा संभव अधिक.

‘बंदूक कोणतीही असो’ येथूनच हरकत घ्यावी लागते. नळीत तांबे येते ते गोळीच्या आवरणातून. मोठ्या रायफलच्या गोळीचा गाभा सहसा शिशाचा असतो आणि त्यावर बहुधा सुमारे ९५ टक्के तांबे व ५ टक्के जस्त असलेल्या मिश्रधातूचे आवरण असते. ती आट्यांमधून, म्हणजे नळीच्या आत कोरलेल्या नागमोडी खाचांमधून, पुढे घुसत जाताना दाब, घर्षण आणि उष्णता यांमुळे या आवरणाचा अगदी पातळ अंश पोलादावर माखला जातो. शेती-संरक्षणाच्या परवान्यावर रानडुकरांपासून कुळागर (सुपारी-नारळाची बाग) राखणाऱ्या आपल्या बागायतदाराकडे मात्र पुष्कळदा १२ बोअरची काडतुशी बंदूक किंवा जुनी ठासणीची बंदूक असते. तिची नळी आतून गुळगुळीत असते, तिच्यातून शिशाचे छरे जातात, आणि आत साचते ती काजळी, थोडे शिसे आणि काडतुशी बंदूक असेल तर छऱ्यांमागच्या प्लास्टिकचा थर. .२२ रायफलला आटे असतात, पण तिची नेहमीची गोळी उघड्या शिशाची, वरून मेणाचा किंवा चरबीचा हात फिरवलेली असते. अशा नळीत तांबे विरघळवणारे द्रावण ओतणे म्हणजे ताप नसताना तापाची गोळी घेणे. एअर रायफलमध्ये तर कोणतेही जहाल द्रावण नेऊच नये, कारण त्याने आतले रबरी सील खराब होतात. तांब्याचा प्रश्न खऱ्या अर्थाने उरतो तो .३१५ किंवा .३०-०६ सारखी रायफल बाळगणाऱ्यांपुरता.

त्यांच्या बाबतीतही ‘तांबे पोलाद खाते’ हे विधान टिकत नाही. नळीची खरी झीज होते ती चेंबरच्या (काडतूस बसते त्या कप्प्याच्या) लगेच पुढे, जिथे आटे सुरू होतात तिथे, आणि ती करतात जळत्या दारूचे तापलेले वायू. साचलेल्या तांब्याचा दोष वेगळा आहे: आट्यांची खोली साधारणपणे एक दशांश मिलिमीटर एवढीच असते, तिच्यात कुठे कमी, कुठे जास्त असा थर चढला की गोळीची पकड एकसारखी राहत नाही आणि नेम फाकू लागतो. म्हणजे तांबे काढायचे ते अचूकता घसरली म्हणून, नळी वाचवण्यासाठी नव्हे. ज्याची रायफल वर्षभरात मोजक्याच वेळा वाजते, त्याच्यावर ही पाळी फार उशिरा येते. बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा सरकता दांडा) काढून, नळी रिकामी असल्याची दोनदा खात्री करून, नळीच्या तोंडाशी बॅटरीचा उजेड तिरका धरला, तर आट्यांच्या उंच कडांवर तांबूस रेघा दिसतात. त्या पुसट आणि तुटक असतील आणि गोळ्या नेहमीच्या जागी लागत असतील, तर बाटली उघडण्याचे कारण नाही.

पांढऱ्या चिंधीची अट सर्वांत जास्त नुकसान करते, म्हणून तिच्याकडे नीट पाहिले पाहिजे. अमोनिया तांब्याशी संयोग पावला की निळा रंग येतो, आणि नळीत तांबे आहे की नाही हे ओळखण्याची हीच खूण आहे. पण संदेशात सांगितलेला ब्रश ब्रॉन्झचा आहे, म्हणजे त्यातला बहुतांश धातू तांबेच आहे; नळीत घालायच्या सफाईच्या गजाचे चिंधी धरणारे टोकही अनेकदा पितळेचे असते. ज्याला शंका असेल त्याने नळीला हातही न लावता नवाकोरा ब्रॉन्झचा ब्रश त्याच द्रावणात भिजवून पांढऱ्या फलाणीवर ठेवून द्यावा. थोड्याच वेळात ब्रशच्या तारांभोवती निळसर कडी उमटू लागते. या ब्रशने घासणाऱ्याची चिंधी पांढरी येणार कशी? तो बिचारा रात्री उशिरापर्यंत आपलाच ब्रश विरघळवत बसतो आणि नळीत अजून तांबे आहे असे समजून आणखी घासतो. तांब्यासाठी नायलॉनचा ब्रश आणि प्लास्टिकचे किंवा निकेलचा मुलामा दिलेले टोक वापरावे. ब्रॉन्झचा ब्रश कार्बनसाठी राखून ठेवावा आणि काम झाल्यावर धुऊन कोरडा करावा.

कार्बनविषयी संदेशात एका शब्दापलीकडे काहीच नाही, आणि हे आश्चर्यच म्हणावे लागेल, कारण दोहोंत चिवट तोच आहे. ताजी काजळी चिंधीने निघते, पण चेंबरच्या पुढे तापून घट्ट बसलेले कार्बनचे कडे अमोनियाला दाद देत नाही. तिथे कार्बनसाठीचे द्रावण मुरू देऊन मग ब्रश चालवावा लागतो. शिवाय तांबे आणि कार्बन एकावर एक असे थरांनी बसतात. वर कार्बन असताना तांब्याचे द्रावण घातले तर ते खालच्या तांब्यापर्यंत पोहोचतच नाही, चिंधी स्वच्छ येते आणि काम झाल्याचा भास होतो. आधी कार्बन, मग तांबे, मग पुन्हा एकदा कार्बन तपासणे, हा क्रम पाळला तर घासणेही कमी लागते. पूर्ण धुतलेल्या नळीतून पहिल्या एक-दोन गोळ्या पुष्कळदा थोड्या बाजूला जातात, हे स्पर्धेतील नेमबाजांना चांगले ठाऊक असते. म्हणूनच ते सफाईनंतर काही गोळ्या केवळ नळीत पुन्हा एकसारखा पातळ थर बसावा म्हणून झाडतात.

घासणे किती, याइतकेच कुठून हेही महत्त्वाचे आहे, आणि त्यावर संदेश मूग गिळून आहे. गज शक्यतो चेंबरच्या बाजूनेच घालावा. नळीच्या तोंडाची कड गोळीला शेवटचा स्पर्श करते. तिथे गज घासून ती एका बाजूला झिजली, तर बाकीची नळी कितीही स्वच्छ असली तरी गोळी भरकटते. अॅल्युमिनियमचे तुकडे जोडून केलेले गज स्वस्त पडतात, पण त्यांच्या मऊ अंगात कचकच रुतून बसते आणि तीच पुढे आट्यांवर फिरते. एनसीसीत शिकवला जाणारा पुल-थ्रू, म्हणजे चिंधी बांधून नळीतून ओढायची दोरी, उत्तम, मात्र ओढताना दोरी सरळ रेषेत राहिली पाहिजे.

द्रावण रात्रभर नळीत ठेवण्याचा सल्ला तर धोक्याचाच आहे. जहाल अमोनियाची द्रावणे पंधरा मिनिटांच्या आसपास पुसून काढायची असतात. ती सुकू दिली तर पोलादावर डाग आणि खड्डे पडू शकतात. अमोनिया नसलेली, जास्त वेळ ठेवता येणारी द्रावणेही मिळतात, तेव्हा बाटलीवरची सूचना वाचणे हाच मार्ग. या संदेशाच्या एका आवृत्तीत तर नळी ‘निर्जंतुक’ करण्यासाठी अमोनियात ब्लीच मिसळायला सांगितले आहे. तसे चुकूनही करू नये: त्यातून क्लोरामाइनचे विषारी वायू निघतात. हे काम एरवीही उघड्या पडवीत, हातमोजे घालूनच करावे, कारण काजळीत शिसे असते.

पाणी वर्ज्य, हा नियम निदान दोन ठिकाणी उलटा आहे. ठासणीच्या बंदुकीतल्या काळ्या दारूची राख क्षारयुक्त असते, हवेतला ओलावा ओढते आणि पाण्यातच विरघळते. जुन्या सैनिकी काडतुसांच्या कॅपमध्ये, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या बुडाच्या टोपीत, पोटॅशियम क्लोरेट असे. ते जळून उरणारा पोटॅशियम क्लोराइड जवळजवळ आपल्या मिठासारखाच वागतो. या क्षारांवर तेल लावले तर ते तेलाखाली जसेच्या तसे राहतात आणि पोलाद कुरतडतात. .३०३ रायफलच्या काळात सैनिक नळीत उकळते पाणी ओतत ते याचसाठी. उकळते पाणी नळी तापवते, त्यामुळे उरलेला ओलावाही लवकर उडतो; त्यानंतर कोरड्या चिंध्या आणि मग तेल. आधुनिक काडतुसांना हे सहसा लागत नाही, पण जिथे लागते तिथे दुसरा इलाज नाही.

आता खोबरेल. ते साधारण २४ अंशांखाली थिजते, आणि डिसेंबरातल्या वाळपईच्या पहाटे पारा त्याखाली सहज उतरतो. शिवाय ते खवट होते, आणि खवट तेलातली आम्ले धातूला बरी नव्हेत. रॉकेलने काजळी सैल होते, तांबे हलतही नाही. डब्ल्यूडी-४० पाणी हटवायला चांगले आहे, १९५३ साली ते तयार झाले तेच त्यासाठी. पण त्याचा थर पातळ असतो, त्यावर गोव्याचा पावसाळा काढता येत नाही. बंदुकीसाठीचे खनिज तेल चिंधीवर घेऊन पातळसा हात फिरवावा, एवढे पुरते. सढळ हाताने सोडलेले तेल बोल्टमध्ये आणि दस्त्याच्या लाकडात उतरते.

वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या या प्रदेशात नळीचा खरा शत्रू गंज आहे, आणि गवसणीचा सल्ला त्यालाच घरात घेतो. चामडे आणि कॅनव्हास दोन्ही ओलावा धरतात. जून ते सप्टेंबर बंदूक कुलूपबंद कपाटात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत उघडी ठेवावी. निवडणुकीच्या वेळी जमा करावी लागणारी बंदूक हा याचाच दुसरा भाग. लोकसभेची आचारसंहिता १६ मार्च २०२४ रोजी लागू झाली, गोव्यात मतदान ७ मे रोजी झाले आणि आचारसंहिता उठली ती जूनच्या पहिल्या आठवड्यात. म्हणजे ज्यांना बंदूक जमा करावी लागली, त्यांना ती परत मिळाली ऐन पाऊस सुरू होताना. जमा करण्याआधी काजळी काढून तेलाचा हात दिलेली नळी एवढा काळ निभावते, काजळी तशीच ठेवून दिलेली बहुधा नाही. बंदूक हाती आल्यावर आधी ती रिकामी असल्याची खात्री करावी आणि एक कोरडी चिंधी नळीतून ओढून तिचा रंग पाहावा. काळी आली तर कार्बन आहे, सवडीने काढता येईल. विटकरी किंवा तपकिरी आली तर गंज धरला आहे, आणि मग त्याच दिवशी तेल मुरवून ब्रश चालवावा. गोळी झाडण्यापूर्वी मात्र हे सारे तेल पुसून नळी कोरडी करावी.