हप्ता थकलेल्या फ्रँचायझीवाल्यांसाठी हमखास उपाय

सर्वप्रथम अभिनंदन! नोकरी सोडून, पीएफ काढून आणि वर मुद्रा कर्ज उचलून तुम्ही चहाची फ्रँचायझी घेतलीत. आता तुम्ही मालक. कप कंपनीचे, मसाला कंपनीचा, काउंटर कंपनीने धाडलेल्या सुताराचा, पाटीवरचं नावही कंपनीचं. कर्ज तेवढं अस्सल तुमचं.

आता म्हणता, हप्ता भागत नाही. रात्री गल्ला मोजताना दूध, गॅस, भाडं आणि दोन पोरांचा पगार वजा करून काय उरतं ते बघत बसला असाल. कंपनी असल्या भानगडीत पडत नाही. तिची रॉयल्टी, म्हणजे नाव वापरू दिल्याचा वाटा, विक्रीवर; नफ्यावर नाही. त्या रॉयल्टीवर 18 टक्के जीएसटी, आणि तुम्ही गिऱ्हाइकाला 5 टक्क्यांचा दर लावत असाल तर तो भरलेला जीएसटी तुमच्या करातून वजाही करता येत नाही. तोटा मात्र पूर्णपणे तुमच्या अखत्यारीत; त्यात कंपनी ढवळाढवळ करत नाही.

तरी कंपनीला एक फोन लावाच. 'सर, लोकेशन जबरदस्त आहे, मार्केटिंग वाढवा,' असं सांगतील. लोकेशन खरंच जबरदस्त असावं, कारण पुढच्याच चौकात त्यांनी दुसऱ्याला दुकान दिलंय. आपल्याकडे फ्रँचायझीसाठी वेगळा कायदा नाही. जे काय आहे ते करारात. आणि करार तुम्ही कुठे वाचलात? सह्या करताना शेजारी पेढे होते.

बँकेत मात्र चुकूनही जाऊ नका. हप्ता 90 दिवस थकला की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी बुडीत, होतं. त्याआधी गेलात तर हप्ते नव्याने बांधून मिळण्याची भीती असते. लघुउद्योगांची खाती आजारी पडू लागली की काय करायचं, याची चौकट रिझर्व्ह बँकेने 2016 सालीच आखून दिली आहे. कर्जदार स्वतःहून अर्ज करू शकतो, आणि 10 लाखांपर्यंतचं खातं तर शाखेच्या पातळीवरच बघितलं जातं. पण अर्ज केला तर धंदा बसलाय हे साहेबाला कळेल ना! त्यापेक्षा फोन सायलेंटवर टाका.

पैसा उभा करायला जागा काय कमी आहेत? बायकोच्या पाटल्या नाहीतरी लग्नकार्यातच निघतात. बोलीची भिशी असेल, म्हणजे जो जास्त रक्कम सोडेल त्याला आधी पैसे, तर सगळ्यात मोठा तोटा बोलून पहिली उचल तुम्हीच घ्या. तेही पुरलं नाही तर गावातले शेठ आहेतच. कोऱ्या चेकवर सही केली की तासाभरात रोकड. परवाना आहे का, असं विचारून त्यांचं मन दुखवू नका. 2014 चा सावकारी कायदा सरकारने हौस म्हणून केलाय. चेक परत गेला तर कलम 138 खाली दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, पण तिथे निदान चहाला रॉयल्टी नसावी.

इतकं करूनही नाहीच निभावलं, तर रामबाण उपाय: 'चालू दुकान देणे आहे, कारण घरगुती.' गिऱ्हाईक बघायला येईल त्या संध्याकाळी सगळे चुलत-मावस भाऊ चहाला बोलवा, फुकट आहे म्हटल्यावर येतातच. पार्टी बहुधा नुकतीच नोकरी सोडलेली असेल. पैशांची सोय कुठून करायची, असं तिने विचारलं तर तुम्हाला कर्ज काढून देणाऱ्या एजंटाचा नंबर द्या. नवीन माणूस आणला की तो तुमचंही थोडं बघतो.