रसद

"भावोजी, एकदम सोपा ट्रेक आहे," असं मेहुणा म्हणाला, तेव्हाच मला आठवायला हवं होतं. याच माणसाने गेल्या वर्षी 'घरगुती, छोटंसं' म्हणून ज्या लग्नाला नेलं होतं, तिथे दीड हजार पानं उठली होती.

माहुली हा ठाणे जिल्ह्यातल्या उंच गडांपैकी एक. साधारण 2,800 फूट. हे मला आसनगावला उतरल्यावर कळलं. आमच्या नौपाड्यातून जाता-येता मला चढावं लागतं ते स्टेशनच्या पुलापर्यंत, आणि तेही सरकत्या जिन्याने.

खरा घोळ आदल्या रात्रीच झाला होता. "सॅक मी घेतो," असं मी बोलून बसलो. बायकोने लगेच स्वयंपाकघराचा ताबा घेतला. बावीस थालीपिठं, दह्याचा डबा, शेंगदाण्याची चटणी, लिंबाचं सरबत दोन बाटल्या, चिवडा, चार छत्र्या, आयोडेक्स. मी तोंड उघडणार तोच ती म्हणाली, "असू दे हो, वाटेत लागतं." या वाक्यापुढे आमच्या घराण्यात आजवर कोणाचं काही चाललेलं नाही.

सकाळची कसारा लोकल पकडली. आसनगावहून रिक्षाने माहुली गाव. हा भाग तानसा अभयारण्यात येतो, त्यामुळे पायथ्याला वनखात्याची पावती फाडली. पावती देणाऱ्याने माझ्या पाठीकडे बघून विचारलं, "काका, किती दिवस मुक्काम?"

थोडं पुढे धबधबा लागला. सप्टेंबर असल्यामुळे पाणी बेतानं होतं, तरी मंडळी मनसोक्त भिजली. मी काठावर सामान राखत बसलो. मग चार ओले टॉवेल, मेहुण्याची ओली जीन्स आणि मुलीचे बूट आपापल्या पायांनी चालत आल्यासारखे माझ्या सॅकमध्ये शिरले. ओली जीन्स म्हणजे काय वजन असतं, हे ज्याने वाहिलंय त्यालाच विचारा. त्यात पाठीच्या मणक्याला मघापासून काहीतरी गोल, टणक टोचत होतं. दह्याचा डबा असेल म्हणून मी सोडून दिलं.

मेहुणा पुढून दर वळणावर ओरडायचा, "भावोजी, दहाच मिनिटं!" ही दहा मिनिटं अडीच तास चालली.

माथ्याच्या अलीकडे कातळाला लोखंडी शिडी आहे. निम्म्यावर गेलो आणि जागीच थांबलो. वर जाता येईना, खाली येता येईना. सॅकबाहेर डोकावणाऱ्या छत्रीची मूठ मागच्या मागे एका पायरीला गच्च अडकली होती. खाली कल्याणच्या कॉलेजची पोरं रांगेत. एकाने अतिशय अदबीने विचारलं, "काका, चढताय की उतरताय?" शेवटी त्यानेच वर येऊन मला एखाद्या शर्टासारखं हुकावरून सोडवलं.

वर पडका महादरवाजा, पहारेकऱ्यांच्या देवड्या, शेवाळलेले दगड, त्यातून उगवलेली सोनकी. मुलगी मोबाइलवरून वाचून दाखवत होती. 1636 मध्ये शहाजीराजे याच गडावर होते आणि मोगल-आदिलशाही फौजांचा वेढा पडला होता. मी मनात म्हटलं, तेव्हा आमची ही इथे असती तर वेढा घालणारेच कंटाळून गेले असते. गडावरची थालीपिठं संपली नसती. पुढे 1665 च्या पुरंदरच्या तहात माहुली मोगलांकडे गेला. 1670 च्या फेब्रुवारीत शिवाजी महाराजांनी हल्ला केला तो फसला, माणसं कापली गेली. जूनमध्ये मोरोपंत पिंगळ्यांनी गड घेतला. लोखंडी शिडी नव्हती तेव्हा. ते ऐकून मी जरा वेळ छत्रीबद्दल काहीच बोललो नाही.

भूक मात्र कडकडून लागली होती. मी सॅकच्या चेनला हात घातला, तर मेहुणा म्हणाला, "वर काही खाऊ नका हां, खाली गावात पिठलं-भाकरी सांगितलीय." आणि सगळे खुशाल उतरायला लागले. बायकोसुद्धा! गावातलं पिठलं झकास होतं, खोटं कशाला बोलू. मी चार भाकऱ्या खाल्ल्या, त्याही सूड म्हणून.

रात्री घरी सॅक रिकामी केली. बावीसच्या बावीस थालीपिठं ओल्या जीन्सला चिकटून बसलेली. आणि सगळ्यात तळाशी, माझ्या मणक्याने दिवसभर ओळखलेला तो गोल पदार्थ. नारळ.

"अगंबाई!" बायको कपाळावर हात मारून म्हणाली, "पायथ्याच्या महादेवाला वाढवायचा राहिलाच की!"

"इथेच वाढव. उद्या खोबऱ्याच्या वड्या कर."

"असं कसं? देवाला बोललेला आहे," तिने नारळ पुसून देव्हाऱ्यात ठेवला आणि भावाला फोन लावला, "अरे, पुढच्या रविवारी काय करतोयस?"