पॉमची सोनोग्राफी आणि ग्रुपवरचा फॉरवर्ड

रंकाळ्यावर सकाळी कुत्री फिरवणाऱ्या आमच्या ग्रुपवर आठ दिवस एकच मेसेज फिरतोय. ‘गाभण कुत्रीची सोनोग्राफी करू नका. किरणांनी पिल्लं मरतात, आकडाही चुकतो. रस्त्यावरची कुत्री कुठं डॉक्टरकडं जाते? हिरवं पाणी गेलं तरी घाबरू नका, वाट बघा.’

किरणांचं आधी मिटवू. सोनोग्राफीत किरणं नसतातच. आपल्याला ऐकू न येणारा आवाज असतो. किरणं एक्स-रेत.

आकडा चुकतो, हे मात्र खरं. एक पिल्लू दोनदा मोजलं जातं, एखादं दुसऱ्यामागं दडतं. नेमका आकडा हवा तर ५५ दिवसांनंतर एक्स-रे काढावा, तोवर हाडं ठळक झालेली असतात. पण एक्स-रेत पिल्लाच्या हृदयाचा ठोका दिसत नाही, आणि सोनोग्राफी करायची ती त्या ठोक्यासाठीच. आमच्या पॉमची, म्हणजे पॉमेरेनियन जातीच्या कुत्रीची, २८व्या दिवशी केली. पोटावरचे केस काढले, गार जेल लागल्यावर बाईसाहेब गुरगुरल्या, आणि पडद्यावर काळ्या गोळ्यात एक बारीक ठिपका लुकलुकायला लागला. दिवस भरत आले की हाच ठोका मिनिटाला २००च्या वर लागतो. १८०च्या खाली आला म्हणजे पिल्लाला त्रास होतोय. कळेसरशी तो क्षणभर उतरतो, म्हणून डॉक्टर थांबून पुन्हा मोजतात. १६०च्या खालीच राहिला तर सिझेरियन लांबवत नाहीत. पोट चाचपून हे कुणाला कळणार?

रस्त्यावरच्या कुत्रीचं उदाहरण तर हमखास येतं. अहो, तिच्या पिल्लाचं डोकं तिच्या कमरेच्या हाडातून निघण्याएवढंच असतं. चिवावा, पग, पॉम यांचं गणित तिथंच बिघडतं. त्यात पोटात एकच पिल्लू असेल तर ते जास्तच पोसतं, कधी कळाही नीट सुरू होत नाहीत. आणि रस्त्यावर अडून मेलेल्या कुत्र्या मोजल्यात कुणी?

शेवटची ओळ सगळ्यात घातक. पहिलं पिल्लू बाहेर आल्यानंतर हिरवं पाणी जाणं नेहमीचं. त्याआधी गेलं, तर आत पिल्लाला पोसणारी वार सुटायला लागलेली असते. आमच्या गल्लीत एकानं असंच पाणी बघून रात्रभर वाट बघितली. सकाळी कुत्री वाचली, दोन्ही पिल्लं गेलेली. तो मेसेज पुढं पाठवलेला असेल, तर निदान ही एक ओळ तरी मागं घ्या.