जेट तिरकं असल्याने सगळं सुटत नाही

‘जवळच्या सुपरनोव्हांसोबतचे गॅमा किरण स्फोट मंद दिसतात, कारण त्यांचं जेट आपल्या रोखाने नसतं’ हे लेखातलं विधान पटलं नाही. (सुपरनोव्हा म्हणजे ताऱ्याचा अंतिम स्फोट, आणि जेट म्हणजे त्यातून प्रकाशाच्या जवळपास वेगाने सुटणारा पदार्थाचा अरुंद झोत.) जेट तिरकं असेल तर ते आजूबाजूच्या वायूत मंदावून पसरतं, आणि काही महिन्यांनी किंवा वर्षांनी त्याचा रेडिओ प्रकाश आपल्याकडेही पोहोचतो. जीआरबी ९८०४२५ (जीआरबी म्हणजे गॅमा किरण स्फोट) आणि त्याच्यासोबतचा सुपरनोव्हा एसएन १९९८बीडब्ल्यू सुमारे १२ कोटी प्रकाशवर्षांवर होते. इतक्या जवळ असूनही नंतरच्या निरीक्षणांत असा उशिराचा रेडिओ उजाळा सापडला नाही. त्याची गॅमा ऊर्जा मात्र नेहमीच्या स्फोटांपेक्षा हजारो पटींनी कमी होती.

जीआरबी ०६०२१८ तर याहून बोलकं उदाहरण आहे. तो जवळपास २००० सेकंद चालला आणि त्याच्या क्ष-किरणांत औष्णिक घटक, म्हणजे तापलेल्या वायूचा प्रकाश, दिसला. आघात तरंग ताऱ्याभोवतालच्या दाट आवरणातून बाहेर फुटतानाची ही चमक असू शकते. साधा हिशोब करा: एवढ्या वेळात प्रकाश ६० कोटी किलोमीटर जातो. हायड्रोजन गमावलेला वुल्फ-रायेट तारा त्या मानाने फारच लहान, त्यामुळे हे आवरण ताऱ्याच्या पृष्ठभागाच्या बरंच बाहेर असायला हवं. जेट आतच अडकलं होतं, की ते मुळातच कमकुवत होतं, यावर अजून वाद आहे, पण लेखात आघात तरंगाची ही शक्यता यायलाच हवी होती. शिवाय मंद स्फोट दूरवरून टिपताच येत नाहीत, त्यामुळे ‘जवळचे ते मंद’ हे अंशतः आपल्या उपकरणांच्या मर्यादेमुळेही वाटतं. जीआरबी ०३०३२९ तुलनेने जवळचाच, तरी चांगला तेजस्वी होता आणि त्याच्यासोबतही एसएन २००३डीएच सापडला.